बियाण्यांच्या पत्रकातला ‘क’

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तो ‘क’ला ‘त’ आणि ‘ग’ला ‘द’ म्हणतो. काका म्हणजे ताता, गाय म्हणजे दाय, घर म्हणजे धर. घरातल्या सगळ्यांना कळतं, पण अंगणवाडीत बाईंना आणि मुलांना कळत नाही. मुलं त्याची नक्कल करतात, म्हणून आता तो तिथे गप्पच बसतो. तालुक्याला एक थेरपिस्ट मॅडम पंधरा दिवसांनी येतात. त्या म्हणाल्या, घरी सराव करा, विकत काही आणू नका. पेपरातून येणारी पॅम्प्लेट, जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिका जमवा आणि त्यातली चित्रं वापरा. पुण्यात माझ्या नणंदेने तिच्या मुलासाठी साडेसहा हजारांचा कार्डांचा संच घेतलाय, शिवाय मोबाइलवर ॲप आहे. आमचं सगळं शेतीवर, तेवढं परवडत नाही. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही पाच वर्षांचे होईपर्यंत असेच बोलायचे, आपोआप येईल. रद्दीतली चित्रं दाखवून खरंच बोलणं सुधारतं का, की आमची परिस्थिती बघून मॅडमनी वेळ मारून नेली? आणि करायचं तर नेमकं कसं? त्यांच्याकडे गर्दी होती, नीट विचारता आलं नाही. माझ्या जावेची मुलगी अडीच वर्षांची आहे. ती आई, बाबा, पाणी असे मोजकेच शब्द बोलते. तिलाही हीच चित्रं दाखवू का?
— एक आई, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, मॅडमनी वेळ मारून नेलेली नाही. पैसा हाताशी असलेल्या घरांनाही मी हाच सल्ला देते. बाजारातल्या बहुतेक संचांमधली चित्रं अक्षरओळख डोळ्यांपुढे ठेवून निवडलेली असतात. तुमच्या मुलाला कोणता आवाज जमत नाही, शब्दाच्या सुरुवातीला जमत नाही की शेवटी, तुमच्या घरात दिवसभर कोणते शब्द बोलले जातात, हे संच छापणाऱ्याला कसं माहीत असणार? ते मॅडमना माहीत आहे आणि तुम्हाला माहीत आहे. चित्र गुळगुळीत पुठ्ठ्यावर आहे की पेपरातून आलेल्या पॅम्प्लेटवर, याने मुलाच्या जिभेला काही फरक पडत नाही. शब्द कोणता निवडला, मुलाने तो किती वेळा म्हटला आणि तो चुकला तेव्हा समोरचं माणूस काय बोललं, याने मात्र खूप फरक पडतो. हे सगळं बिनपैशाचं आहे, पण विचार करून करावं लागतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कानांचं बघू. मुलाची ऐकण्याची तपासणी झाली आहे का, ते तुमच्या पत्रात नाही. झाली नसेल तर ती पहिल्यांदा करून घ्या. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे कधी कधी पाणी साचतं, कान दुखत नाही, वाहत नाही, त्यामुळे घरी कुणाला पत्ता लागत नाही; पण मुलाला आवाज बसलेला, अर्धवट ऐकू येतो. जो आवाज स्पष्ट ऐकूच येत नाही तो तोंडातून स्पष्ट कसा निघेल? साडेचार वर्षांचं मूल तपासणीला घाबरत नाही. हेडफोन लावून ‘आवाज आला की डब्यात ठोकळा टाक’ असा खेळ असतो. दर वेळी हाक मारल्यावर तो वळतो म्हणून कान चांगले आहेत, असं धरून चालू नका.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि त्यांना ते आदराने सांगता येईल. ‘क’च्या जागी ‘त’ म्हणणं लहान मुलांमध्ये सर्रास दिसतं. ‘त’ला जिभेचं टोक पुढे दातांना लागतं, ‘क’ला जिभेचा मागचा भाग वर उचलावा लागतो, आणि पुढचं काम मागच्यापेक्षा आधी जमतं. बहुतेक मुलांचं हे साडेतीन-चार वर्षांपर्यंत आपोआप जातं. ‘र’चं वेगळं, तो उशिरा येतो, त्यासाठी अजून थांबायला हरकत नाही. पण ‘क’ आणि ‘ग’साठी साडेचार हे थांबायचं वय नाही. वडिलांचं बोलणंही उशिरा स्पष्ट झालं होतं, ही माहिती मॅडमना जरूर द्या, कारण अशा अडचणी घराण्यात चालत येऊ शकतात. वडिलांचं पुढे नीट झालं याचा आनंदच आहे, पण मुलाच्या बाबतीत वाट बघायला ते कारण पुरेसं नाही. आणि खरं सांगू? तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते ‘गप्पच बसतो’ हे. ‘त’चा ‘क’ होईल. मूल बोलायचंच थांबलं तर सरावाला तरी काय उरणार?

आता सराव. चित्रं कापायला घेण्याआधी मॅडमना एक प्रश्न विचारा : ‘त्याला नुसता क् काढता येतो का?’ शब्दात नव्हे, एकटा आवाज. येत नसेल, तर कितीही चित्रं दाखवलीत तरी तो ‘त’च म्हणणार आणि ‘त’चाच सराव पक्का होणार. पुष्कळ आयांची मेहनत इथेच वाया जाते. जीभ मागे कशी न्यायची हे थेरपिस्टने समोर बसवून दाखवायचं असतं. कधी गुळण्या करायला लावून, कधी उताणं झोपवून, कधी आरशात बघून. पंधरा दिवसांनी एकदा का होईना, ते काम त्यांचं आहे. चमच्याने जीभ दाबणं वगैरे घरी मुळीच करू नका.

तोवर घरी एक गोष्ट करता येते : त्याचा कान तयार करणं. किराणा दुकानाचं एखादं पॅम्प्लेट घ्या. त्यात तेल, तूप, तांदूळ, तूरडाळ असते; काजू, कॉफी, केक, केळी असतात. ही चित्रं कापा. दोन वाट्या ठेवा, एक ‘क’ची, एक ‘त’ची. तुम्ही चित्र हातात धरून शब्द म्हणायचा आणि त्याने ते कोणत्या वाटीत टाकायचं ते ठरवायचं. बोलायची सक्ती नाही, नुसतं ऐकायचं. मध्येच तुम्ही मुद्दाम ‘तेळी’ म्हणा आणि बघा, तो तुमची चूक पकडतो का. पकडली तर समजा, कान तयार झाला. मुलांना मोठ्यांची चूक पकडायला फार आवडतं आणि तुमच्या मुलाला, ज्याची चूक दिवसभर सगळे पकडतात, त्याला तर ते हवंच आहे.

एकटा ‘क’ यायला लागला की शब्दांकडे वळा. तुमच्या मिस्टरांचं कृषी सेवा केंद्रात येणं-जाणं असेलच. तिथल्या काउंटरवर बियाण्यांची रंगीत पत्रकं पडलेली असतात, कुणीही घ्यावीत अशी. मराठी मुलाच्या ‘क’साठी त्याच्याइतकं चांगलं साहित्य मला माहीत नाही. कोबी, कारलं, काकडी, कांदा, कलिंगड, कोथिंबीर, एकाच पत्रकावर. ‘ग’ हवा असेल तर गाजर, गवार, गहू. चित्रं मोठी, ठसठशीत, पांढऱ्या जागेवर. आणि या सगळ्या वस्तू मुलाने रानात पाहिलेल्या, हातात घेतलेल्या, खाल्लेल्या. नणंदेच्या संचात इग्लू आणि झायलोफोन असेल. तो शब्द शिकून तुमचा मुलगा बोलणार कुणाशी?

पण या शब्दांनाही क्रम आहे. कांदा पहिल्या दिवशी घेऊ नका. त्यात ‘क’च्या मागोमाग ‘द’ येतो आणि जीभ आधीच पुढे धावते, ‘तांदा’ होतो. कात्री, कोथिंबीर यांचंही तेच. सुरुवातीला ज्या शब्दात ‘त’ किंवा ‘द’ नाही असे शब्द घ्या : कोबी, केळी, काकू, कप, कोंबडी. त्यातही ‘को’ आणि ‘कू’ने सुरू होणारे शब्द पुष्कळ मुलांना आधी जमतात, कारण ‘ओ’ आणि ‘ऊ’ म्हणताना जीभ तशीही मागे असते. म्हणून कोबी पहिला, कोंबडी दुसरी. काही मुलांना ‘क’ शब्दाच्या शेवटी आधी सापडतो : पालक, नाक, केक. तुमच्या मुलाला कुठे सापडतो ते ऐका आणि तिथून सुरू करा. कारलं म्हणताना त्याने ‘काललं’ म्हटलं तर शाबासकी द्या. ‘र’चा हिशेब आत्ता करायचा नाही. एका वेळी एकच आवाज सुधारायचा.

एका वेळी चित्रंही चार-पाच पुरेत. पंचवीस चित्रं पसरून बसलात तर प्रत्येक शब्द एकदा म्हटला जाईल. आपल्याला एक शब्द पंचवीस वेळा म्हणून हवा आहे. म्हणून चित्रांचा खेळ करा. उशीखाली कोबी लपवा, ‘कोबी कुठेय? कोबी इथे नाही, कोबी तिथे नाही’. बैलगाडीत भरून बाजारला न्या, एकेक उतरवून विका. त्याला दुकानदार करा, तुम्ही गिऱ्हाईक व्हा, आणि मुद्दाम नुसतं बोट दाखवून थांबा, म्हणजे नाव त्याला घ्यावं लागेल. पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. सकाळी चूल पेटताना, दुपारी, रात्री अंथरुणावर. एक तास पकडून बसवलंत तर चौथ्या दिवशी तो पत्रक बघूनच पळेल. एका शब्दात दहापैकी आठ-नऊ वेळा ‘क’ बरोबर आला की ते चित्र बाजूला काढा, नवं घ्या. जुनं फेकू नका, एखाद्या मोकळ्या डब्यात ठेवा. आठवड्याने तो डबा उघडून बघायचा.

चित्रं चिकटवायला लग्नपत्रिकेचा जाड कागद चांगला. घरात खळ करा, फेव्हिकॉलही नको. कात्री तुमच्या हातात राहू द्या; तुकडे धाकट्या भावंडाच्या तोंडात जाणार नाहीत इकडे लक्ष ठेवा. मशीनमधून निघणारी गुळगुळीत बिलं मात्र मुलाच्या हाती चघळायला देऊ नका, त्या कागदावर रसायनाचा थर असतो. कॅलेंडरवरचे देव कापायला घरातल्या मोठ्यांना आवडणार नाहीत, आणि त्यांचं मन मोडून काही करायची गरजही नाही. गणपतीचं चित्र भिंतीवरच राहू द्या. रोज सकाळी हात जोडताना तो ‘गणपती’ म्हणणारच आहे, एकटा ‘ग’ यायला लागला की तो ‘ग’चा सराव आपोआप होईल.

लग्नपत्रिकेचा खरा उपयोग पुठ्ठ्यापुरता नाही. तुमच्या कपाटात दोन-चार तरी पत्रिका असतील, ज्यांच्या खालच्या कोपऱ्यात चिल्ल्यापिल्ल्यांची नावं छापलेली असतात आणि वर लिहिलेलं असतं : ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ हे वाक्य मला फार आवडतं. शब्दांवरून वाक्यावर जायची वेळ येते तेव्हा पुष्कळ मुलं अडतात. एकट्या शब्दात ‘क’ येतो, वाक्यात पुन्हा ‘त’. अशा वेळी हे वाक्य घ्या. त्यात ‘काका’ आहे, म्हणजे दोन ‘क’ लागोपाठ, आणि ‘लग्न’ मधला ‘ग’ पुढे कधीतरी यायचाच आहे. आधी नुसतं ‘काका’, मग ‘काकाच्या’, मग ‘आमच्या काकाच्या’, मग पूर्ण. त्याला पत्रिका हातात देऊन घरोघर आमंत्रण द्यायला पाठवा. आजीला, शेजारच्या काकूंना, गोठ्यात काम करणाऱ्या गड्याला. आजीला आधी सांगून ठेवा : त्याने आमंत्रण दिलं की दुरुस्ती करायची नाही, ‘येणार हो, नक्की येणार’ एवढंच म्हणायचं. ‘आपोआप येईल’ म्हणणाऱ्या सासूबाई या खेळात बसल्या की तुमच्या बाजूच्या होतील. तसं झालेलं मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

आता थोडं पुढचं. तो ‘भूक’ ऐवजी ‘भूत’ म्हणत असणार. ‘हाक’चं ‘हात’ होत असणार, ‘कार’चं ‘तार’, ‘गार’चं ‘दार’, आणि ‘घर’चं ‘धर’ होतं हे तुम्हीच लिहिलं आहे. या जोड्या फार कामाच्या आहेत. कारचं चित्र पेपरातल्या जाहिरातीत रोज येतं. तारेच्या कुंपणाची जाहिरात शेतीच्या पत्रकांत असते. दार प्लायवूडच्या जाहिरातीत, घर बिल्डरच्या पॅम्प्लेटवर. कार आणि तार शेजारी ठेवा आणि त्याला सांगा, ‘तू माग, मी देते.’ त्याला कार हवी असेल आणि तो ‘तार दे’ म्हणाला, तर शांतपणे कुंपणाचं चित्र द्या. रागावू नका, हसू नका, ‘कार म्हण’ असंही म्हणू नका. तो म्हणेल, ‘ही नको!’ तेव्हा म्हणा, ‘तू तार म्हणालास ना? तुला कार हवी होती का?’ आवाज बदलला की अर्थ बदलतो, हवं ते मिळत नाही, हे त्याला स्वतःला उमगायला हवं. पण ही पायरी ‘क’ जमायला लागल्यानंतरचीच. आधी केलीत तर ते त्याला छळणं होईल.

आणि खेळाबाहेर, दिवसभराच्या बोलण्यात? तिथे दुरुस्ती अजिबात करू नका. तो म्हणाला, ‘आई, दाय दवत थाते,’ तर तुम्ही म्हणा, ‘हो रे, गाय गवत खाते. केवढं गवत खाते बघ!’ त्याचंच वाक्य बरोबर करून, जरा वाढवून परत द्या. ‘नीट बोल’, ‘परत म्हण’, ‘असं नाही, तसं’ हे शब्द घरातून काही महिने काढून टाका. त्याला काय सांगायचं आहे ते आधी ऐका. पाहुण्यांसमोर ‘काका म्हणून दाखव’ हे तर नकोच.

मोबाइलच्या ॲपबद्दल नणंदेशी वाद घालू नका. एवढं लक्षात ठेवा की ॲपला त्याचा ‘त’ ऐकून थांबता येत नाही, त्याच्याकडे बघून भुवया उंचावता येत नाहीत. शिवाय पाच वर्षांखालच्या मुलांनी पडद्यासमोर दिवसाला एका तासापेक्षा जास्त बसू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 साली सांगितलं आहे. तो तास सरावात घालवायला कशाला हवा?

आणखी कागद शोधत असाल तर : निवडणूक आली की अपक्षांची चिन्हं छापलेली पत्रकं दारात येऊन पडतात आणि त्यात कपबशी, कपाट, कात्री अशी ‘क’ची चित्रं सापडतात. बिस्किटाचे, टूथपेस्टचे रिकामे खोके मुलं अक्षर न येताही ‘वाचतात’, तो आत्मविश्वास वापरा. शेजारच्या मुलांची पहिली-दुसरीची जुनी बालभारतीची पुस्तकं मागून आणा. त्यात बाजार, जत्रा, शेत अशी भरगच्च चित्रं असतात आणि वाक्यांवरून गोष्टीवर जायला ती उत्तम. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971पासून निघतं, गावातल्या शाळेत जुने अंक असतील तर गुरुजी नाही म्हणणार नाहीत. पण अक्षरं शिकवायच्या मोहात पडू नका. ‘क कमळाचा’ पाठ झाल्याने बोलण्यातला ‘क’ येत नाही.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या मुलाचा ‘च’ किंवा ‘ज’ अडत असेल तर त्यांच्यासाठी एक सूचना. चित्रं अक्षर बघून निवडू नका, कानाने निवडा. चहा आणि चाक लिहिताना एकच अक्षर, पण तोंडात दोन वेगळे आवाज आहेत. जीभ आणि जाळी यांचंही तेच. एका डब्यात दोन्ही टाकलीत तर मुलाचा गोंधळ होईल.

अंगणवाडीच्या बाईंना जाऊन भेटा. तक्रार करायला नव्हे, मदत मागायला. त्यांना दोनच गोष्टी सांगा : सगळ्यांसमोर त्याला पुन्हा पुन्हा बोलायला लावू नये, आणि नक्कल करणाऱ्या मुलांना वेळीच थांबवावं. घरी जे चार शब्द पक्के झालेत ती चित्रं बाईंकडे द्या. भाज्यांचा पाठ घेताना ‘हे काय आहे?’ हा प्रश्न त्यांनी त्याला कोबी दाखवून विचारावा. वर्गात सगळ्यांसमोर एक शब्द बरोबर आला की त्याचा गप्प बसण्याचा हट्ट हळूहळू सुटेल.

त्याच अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतं. हा कार्यक्रम 2013पासून चालू आहे. पुढचं पथक कधी येणार ते सेविकाताईंना विचारा आणि त्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा, कारण घाईच्या तपासणीत गप्प बसलेल्या मुलाचं बोलणं कुणाच्या लक्षात येत नाही. त्यांनी पुढे पाठवलं तर जिल्ह्याच्या डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात तपासणी आणि उपचार मोफत होतात. मुंबईला कुणी नातेवाईक असतील तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, वाणी आणि श्रवणासाठीची केंद्र सरकारची संस्था, 1983 साली स्थापन झालेली. कान आणि बोलणं दोन्हीची नीट तपासणी एकाच ठिकाणी होते. आणि कुणी महागडा संच किंवा ‘गॅरंटी’चा कोर्स विकायला आलं तर आधी त्यांचा आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. थेरपिस्टकडे तो असायलाच हवा.

मॅडमच्या पुढच्या भेटीला एक वही न्या. तो कोणते शब्द बरोबर म्हणतो, कोणत्या शब्दात पुन्हा ‘त’ येतो, कोणत्या खेळात रमतो, एवढंच दोन-दोन ओळींत लिहा, आणि कापलेली चित्रं पिशवीत घालून सोबत न्या. तुम्ही काय केलंत ते हातात दिसलं की त्यांना पुढचं सांगायला पाच मिनिटं पुरतात आणि गर्दीच्या दिवशीही तुम्हाला रिकाम्या हाती परत यावं लागणार नाही.

जावेच्या मुलीचा प्रश्न मात्र निराळा आहे. तुमच्या मुलाकडे शब्द आहेत, आवाज चुकतो. तिच्याकडे शब्दच कमी आहेत. दोन वर्षांच्या आसपास मुलं दोन शब्द जोडू लागतात, ‘पाणी दे’, ‘बाबा गेले’. ती अडीच वर्षांची झाली आहे. लसीकरणासाठी मिळालेलं माता व बाल संरक्षण कार्ड घरात असेल, त्यात वाढीचे टप्पे चित्रांसह छापलेले आहेत, ते जावेबरोबर बसून बघा. नावाने हाक मारल्यावर ती वळून बघते का, हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, तुमच्या डोळ्यांत बघून हसते का, हेही बघा आणि डॉक्टरांना सांगा.

तिला चित्रं जरूर दाखवा, पण ‘क’ आणि ‘त’ची वाटी तिच्यासाठी नाही. भाजीचं पॅम्प्लेट मांडीवर घेऊन तिच्याबरोबर बसा. ‘हे काय? हे काय?’ असं विचारू नका. ती ज्यावर बोट ठेवेल त्याबद्दल तुम्ही बोला : ‘आंबा. पिवळा आंबा. आंबा खाऊ?’ मग थांबा. मनात पाच आकडे मोजा. तिने हात पुढे केला, आवाज काढला, तोंड हलवलं तरी ते बोलणं समजून उत्तर द्या. ती ‘आंबा’ म्हणाली की तुम्ही ‘आंबा दे’ म्हणा, तिच्या एका शब्दात एकाची भर घाला. ‘आणखी’, ‘नको’, ‘संपलं’ हे शब्द रोजच्या जेवणात दहा वेळा येतात, ते चित्रांबरोबर वापरा. तिच्या बाबतीत ‘घराण्यात सगळे उशिरा बोलतात’ हे ऐकून थांबू नका. कानाच्या तपासणीची तारीख मुलाबरोबर तिचीही घ्या, शक्य असेल तर एकाच दिवशी, म्हणजे एसटीचा एक फेरा वाचेल.